इंजिनियराची सनद

वैद्याला रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीं आणि वकिलाला न्यायासनापुढें उभें राहण्यापूर्वीं सनद घ्यावी लागते, हें शहरांतील कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबास ठाऊक असतें. परंतु ज्या पुलावरून रोज हजारों माणसें जातात, ज्या धरणाच्या खालीं गांवेंच्या गांवें निश्चिंतपणें झोंपतात, ज्या शाळेच्या छपराखालीं मुलें बसतात, तीं सर्व कामें ज्याच्या हिशेबावर उभीं असतात त्या इंजिनियराला सनद कोण देतो, आणि ती कां द्यावी लागते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वैद्याची चूक झाली तर एका घरावर दुःख कोसळतें; इंजिनियराची चूक झाली तर एका रात्रींत कित्येक घरांतील चुली विझूं शकतात. असें असूनहि वैद्यकीच्या मानानें इंजिनियरीची सनद पुष्कळच उशिरां जन्मास आली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा निकाल लागण्यास ४० वर्षें लागलीं. १९०७ सालीं वायोमिंग संस्थानानें सनदेचा पहिला कायदा केला, आणि १९४७ सालीं मोन्टाना संस्थानानें, तेव्हांच्या ४८ संस्थानांपैकीं सर्वांच्या शेवटीं, तो स्वीकारला. या ४० वर्षांत व त्यानंतर ज्यांनीं हें काम हातीं धरलें त्यांत निरनिराळ्या संस्थानांतील व्यावसायिक इंजिनियरांचे संघ प्रमुख होत. हे संघ वाफेच्या यंत्रावर किंवा विजेच्या तारेवर निबंध वाचणारे विद्वत्संघ नव्हेत. इंजिनियर म्हणविणाऱ्याने लोकांशीं कसें वागावें, त्याला सनद कोणत्या अटीवर मिळावी आणि ती केव्हां काढून घ्यावी, हा त्यांच्या विचाराचा विषय होय.

प्रत्येक संस्थानाचा संघ वेगळा कां, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेंत जे अधिकार मध्यवर्ती सरकारास दिलेले नाहींत, ते घटक संस्थानांकडे व लोकांकडे राहिले आहेत. लोकांच्या जीविताचें व आरोग्याचें रक्षण करणें हा अशा अधिकारांतलाच एक भाग. १८८९ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील एका वैद्याच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, ज्या धंद्यांत अज्ञानामुळें लोकांच्या जिवास अपाय होईल त्या धंद्यासाठीं संस्थानानें पात्रतेची अट घालणें न्याय्य आहे. निर्णय वैद्यकीपुरता होता. पण त्यांतील तत्त्व इंजिनियरीलाहि तितकेंच लागू पडणारें होतें. तें लागू करून घेण्यास कोणी पुढें येत नव्हतें एवढेंच.

याचीं कारणें होतीं, आणि तीं अगदींच अवाजवी नव्हतीं. एरी कालवा हें अमेरिकेंतील इंजिनियरीचें पहिलें मोठें विद्यापीठ मानलें जातें. १८१७ ते १८२५ या काळांत खणलेल्या, ३६३ मैल लांबीच्या या कालव्याचें काम ज्यांनीं उभारलें, त्या बेंजामिन राइट व जेम्स गेडिस यांनीं कोणत्याहि विद्यालयांत हें शास्त्र शिकलेलें नव्हतें. ते जमिनीचे मोजणीदार होते, न्यायाधीशाचें काम केलेले गृहस्थ होते. त्या वेळीं वेस्ट पॉइंटचें लष्करी विद्यालय सोडलें तर हें शास्त्र शिकविण्याची सोयच त्या देशांत नव्हती. चुकत, सुधारत, हाताखालच्या तरुणांस शिकवीत त्यांनीं कालवा पुरा केला, आणि त्याच कामावर तयार झालेलीं माणसें पुढें दूरदूरच्या कालव्यांवर व लोहमार्गांवर पसरलीं. ज्या देशानें आपलें वैभव अशा स्वयंशिक्षित माणसांच्या कर्तृत्वावर उभें केलें, त्या देशास परीक्षेचा व सनदेचा दंडक जाचक वाटावा हें साहजिक होतें.

१८५२ सालीं स्थापत्य इंजिनियरांची, १८८० सालीं यांत्रिक इंजिनियरांची व १८८४ सालीं विद्युत् इंजिनियरांची अशा तीन मोठ्या राष्ट्रीय संस्था तेथें निघाल्या. परंतु त्यांचें लक्ष ज्ञानवृद्धीकडे होतें. आपल्या संस्थेचें सभासदत्व हीच पात्रतेची पुरेशी खूण आहे, सरकारनें त्यांत पडण्याचें कारण नाहीं, असें त्यांतील पुष्कळांस वाटे. सभासद नसलेला मनुष्य बाहेर इंजिनियर म्हणून पाटी लावून बसला तर त्याला अडविण्याची शक्ति मात्र त्यांपैकीं एकाहि संस्थेजवळ नव्हती.

पहिलें पाऊल पडलें तें न्यूयॉर्क किंवा शिकागो यांसारख्या गजबजलेल्या शहरांत नव्हे, तर रॉकी पर्वताच्या रुक्ष पठारावर. वायोमिंगमध्यें पाऊस थोडा. शेती पाटाच्या पाण्यावर. १८९० सालच्या तेथील घटनेनें नद्यांचें पाणी संस्थानाच्या मालकीचें ठरविलें. ज्याला नदींतून पाट काढावयाचा असेल त्यानें संस्थानाच्या मुख्य इंजिनियराकडे नकाशासह अर्ज करावा असा नियम होता. १९०३ सालीं क्लॅरेन्स जॉन्स्टन हे गृहस्थ या जागेवर आले. त्यांच्या दप्तरांत येणारे नकाशे पाहून ते थक्क झाले. कोणी वकिलानें, कोणी दस्तऐवज साक्षांकित करणाऱ्यानें, तर कोणी स्वतः अर्जदारानेंच नकाशा काढून त्याखालीं इंजिनियर किंवा मोजणीदार म्हणून बेधडक सही ठोकलेली असे. नकाशांत पाटाची पातळी चुकली तर पाणी शेतापर्यंत पोंचत नसे, आणि पाण्याचा हिशेब चुकला तर खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या हक्कावर गदा येई. कोरड्या मुलखांत पाण्याचा तंटा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचें वैर, हें महाराष्ट्रांतील माणदेशासारख्या भागांतील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

जॉन्स्टन यांनीं कायदेमंडळाकडे धांव घेतली, आणि १९०७ सालीं कायदा झाला. लोकांपुढें इंजिनियर किंवा मोजणीदार म्हणून उभें राहणाऱ्या प्रत्येकानें परीक्षक मंडळाकडे नांव नोंदविलें पाहिजे असें त्यानें ठरविलें. चार्लस बेलामी नांवाच्या, खाणींच्या जमिनी मोजण्याचा धंदा करणाऱ्या ५२ वर्षांच्या इंजिनियरास पहिली सनद मिळाली. त्यानें पांच डॉलर फी भरली, आपल्या अनुभवाचा गोषवारा लिहून दिला आणि तीन शिफारसपत्रें जोडलीं. एवढ्या साध्या कागदांनीं अमेरिकेंतील एका मोठ्या धंद्याची व्यवस्था सुरू झाली. दुसऱ्याच वर्षीं लुइझियाना संस्थानानें तोच मार्ग धरला, आणि १९२० सालीं निरनिराळ्या संस्थानांच्या परीक्षक मंडळांनीं शिकागो येथें आपली एक मध्यवर्ती परिषद स्थापन केली.

तरीहि पुष्कळ संस्थानें स्वस्थ होतीं. कॅलिफोर्निया हें त्यांतील एक. तेथें लॉस एंजल्स शहराच्या पाणीपुरवठ्याचे मुख्य इंजिनियर विल्यम मुलहॉलंड यांचें नांव घरोघर आदरानें घेतलें जाई. १८५५ सालीं बेलफास्ट येथें जन्मलेला हा आयरिश तरुण १८७७ सालीं लॉस एंजल्सला आला आणि पाण्याच्या चराची देखभाल करणारा मजूर म्हणून कामास लागला. दिवसा फावडें व रात्रीं पुस्तक असा त्याचा अभ्यासक्रम. याच माणसानें पुढें २३३ मैल लांबीचा जलमार्ग बांधून १९१३ सालीं त्या तहानलेल्या शहरास पाणी आणून दिलें. त्यांच्या शब्दापुढें शंका घेण्याचें धाडस कोणास होत नसे, आणि सेंट फ्रान्सिस धरणाचा घात येथेंच झाला.

सॅन फ्रान्सिस्किटो या अरुंद खोऱ्यांत हें काँक्रीटचें धरण १९२४ ते १९२६ या काळांत उभें राहिलें. काम चालू असतां पाणी अधिक सांठविण्याच्या हेतूनें धरणाची उंची दोन वेळां मिळून २० फूट वाढविण्यांत आली. पायाची रुंदी मात्र त्या मानानें वाढविली नाहीं. डावा काठ ज्या खडकावर टेकला होता तो एका प्राचीन दरडीचा भाग होता, आणि उजव्या काठाचा खडक पाण्यांत भिजला असतां मऊ पडणारा होता. १९२८ सालच्या मार्चमध्यें धरण प्रथमच काठोकाठ भरलें. १२ मार्चच्या सकाळीं धरणाच्या रक्षकास गढूळ पाण्याचा एक नवा झरा दिसला. त्यानें मुलहॉलंड यांस बोलावून घेतलें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें धरण फिरून पाहिलें, असे झरे मोठ्या धरणांत असावयाचेच असा अभिप्राय दिला आणि ते परतले. त्याच रात्रीं बाराला तीन मिनिटें कमी असतां धरण फुटलें. पाण्याचा लोंढा झोंपलेल्या वस्त्यांवरून ५४ मैल धांवत पहांटे साडेपांचच्या सुमारास समुद्रास मिळाला. निदान ४३१ माणसें मेलीं. त्यांत तो रक्षकहि होता.

चौकशीच्या वेळीं मुलहॉलंड यांनीं कोणावर ठपका ढकलला नाहीं. मानवी निर्णयाची चूक झाली असेल तर तो मानव आपणच, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें; जे मेले त्यांचा हेवा वाटतो असेंहि ते बोलले. पंचांनीं त्यांच्यावर फौजदारी गुन्हा ठेवला नाहीं. मात्र त्यांनीं एक मुद्दा स्पष्ट नोंदविला: मोठ्या धरणाचें बांधकाम व देखरेख, मनुष्य कितीहि थोर असला तरी, एकट्याच्या निर्णयावर सोंपवितां कामा नये. सनदेच्या चळवळीचें मर्म या एका वाक्यांत आलें आहे. मुलहॉलंड हे भोंदू नव्हते, लोभी नव्हते, आळशी नव्हते. तरीहि त्यांच्या निर्णयावर दुसऱ्या कोणाची डोळस नजर नव्हती. पुढच्याच वर्षीं, १९२९ सालीं, कॅलिफोर्नियानें स्थापत्य इंजिनियरांच्या नोंदणीचा कायदा केला आणि धरणांच्या सुरक्षिततेची तपासणी संस्थानाच्या हातीं घेतली. हीं दोन्ही कामें एकमेकांस पूरक होतीं. एकानें माणसाची परीक्षा होऊं लागली, दुसऱ्यानें त्याच्या कामाची.

यानंतर मंदीचे दिवस आले. इंजिनियरांस काम मिळेना. ज्यांस धंद्याचें शिक्षण नव्हतें तेहि कमी मोबदल्यांत नकाशे काढून देऊं लागले. अशा वेळीं डेव्हिड स्टाइनमन हे पूल बांधणारे प्रसिद्ध इंजिनियर पुढें आले. १८८६ सालीं जन्मलेल्या या माणसाचें बालपण न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तींत, ब्रूकलिन पुलाच्या सावलींत गेलें होतें. पुलासाठीं एक संस्था, विजेसाठीं दुसरी, यंत्रासाठीं तिसरी. पण इंजिनियर या नात्यानें सर्वांच्या ज्या समाईक जबाबदाऱ्या आहेत त्यांची चिंता करणारी संस्था नाहीं, ही उणीव त्यांनीं हेरली. कनेक्टिकट, न्यूयॉर्क, न्यू जर्सी व पेन्सिल्व्हेनिया या चार संस्थानांतील व्यावसायिक इंजिनियरांच्या संघांस त्यांनीं एकत्र आणलें, आणि १९३४ सालीं राष्ट्रीय संघ जन्मास आला. त्याचे पहिले अध्यक्ष स्टाइनमन हेच झाले. याच स्टाइनमन यांचा मिशिगनमधील मॅकिनॅक पूल १९५७ सालीं खुला झाला.

या संघाची घडण लक्षांत ठेवण्यासारखी आहे. खालीं गांवोगांवच्या शाखा, त्यांवर संस्थानाचा संघ, आणि सर्वांवर राष्ट्रीय संघ. खरें बळ मधल्या पायरीवर होतें. कारण सनद संस्थानाची, कायदा संस्थानाचा, म्हणून झगडावयाचें तें संस्थानाच्या राजधानींतच. टेक्सासमध्यें असा संघ १९३६ सालीं स्थापन झाला. पुरतें एक वर्ष होतें न होतें तोंच, ज्याची कल्पनाहि कोणीं केली नसेल अशा प्रसंगानें त्याचें काम त्याच्या दारीं आणून उभें केलें.

पूर्व टेक्सासमध्यें न्यू लंडन नांवाचें गांव आहे. तेथें जमिनीखालीं खनिज तेल सांपडलें आणि गांवाची शाळा श्रीमंत झाली. शाळेच्या आवारांतसुद्धां तेलाच्या विहिरी होत्या. इमारतीवर खर्च सढळ हातानें झाला. परंतु ऊब देण्याच्या व्यवस्थेंत काटकसर सुचली. मूळच्या योजनेंत वाफेची व्यवस्था होती ती रद्द करून ठिकठिकाणीं गॅसच्या ७२ शेगड्या बसविण्यांत आल्या. पुढें गॅसचें बिल वांचविण्यासाठीं चालकांनीं विकत घेतलेला गॅस बंद केला आणि तेलकंपनीच्या, टाकाऊ म्हणून जाळून टाकल्या जाणाऱ्या गॅसच्या नळास आपला नळ जोडून घेतला. त्या भागांत हें सर्रास चाले. या गॅसला वास नव्हता. जोडणींतून तो गळत राहिला, फरशीखालच्या पोकळींत सांठत राहिला, आणि कोणाच्या नाकास कांहीं समजलें नाहीं.

१८ मार्च १९३७, गुरुवार. दुपारीं तीन वाजून गेले होते. शाळा सुटण्यास थोडाच अवकाश होता. हस्तव्यवसायाच्या वर्गांतील शिक्षकानें विजेवर चालणारें लांकूड घांसण्याचें यंत्र सुरू केलें. ठिणगी पडली. इमारत उचलली गेली व खालीं कोसळली. सुमारें ३०० मुलें व शिक्षक त्यांत दगावले. तेलाच्या विहिरींवर काम करणारे मजूर, ज्यांचींच तीं मुलें होतीं, ते अवजारांसह धांवले आणि रात्रभर पावसांत दगडविटा उपसत राहिले. चौकशी झाली, एका कोणा व्यक्तीवर दोष ठेवतां आला नाहीं. ऊब देण्याची ती व्यवस्था आखणें, बदलणें व तपासणें हें तज्ज्ञ इंजिनियराचेंच काम असा कायदा नव्हता. मग कायद्यानें दोषी तरी कोणास धरावें?

टेक्सासच्या कायदेमंडळानें त्याच वर्षीं दोन कायदे केले. एकानें गॅसमध्यें उग्र वासाचा पदार्थ मिसळणें सक्तीचें केलें. आज मुंबई-पुण्याच्या घरांत स्वयंपाकाच्या गॅसचा जो दर्प येतो तो त्या गॅसचा स्वतःचा नव्हे. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. दर्प येतांच गृहिणी खिडक्या उघडते व दिवा लावीत नाहीं. न्यू लंडनच्या शिक्षकांस ती संधि मिळाली नाहीं. दुसऱ्या कायद्यानें इंजिनियरी करणाऱ्यास सनद आवश्यक ठरविली. आदल्या वर्षीं निघालेल्या संघास जें हवें होतें तें मिळालें. पण तें मिळण्यास जी किंमत पडली ती त्या गांवच्या स्मशानांत अजून मोजतां येते.

१९४७ नंतर संघांपुढें निराळें काम आलें. कायदा होणें वेगळें व तो जागता ठेवणें वेगळें. संस्थानी संघांचीं वार्तापत्रें चाळलीं तर बहुतेक मजकूर रोजच्या कामाचा दिसतो: वार्षिक अधिवेशनाची तारीख, शाखेच्या सभेंतील व्याख्यान, नव्या सनदधारकांचीं नांवें, कायदेमंडळापुढें आलेल्या एखाद्या विधेयकावर संघाचें मत, एखाद्या वृद्ध सभासदाचा सत्कार. १९५१ पासून फेब्रुवारींत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्मदिवसाच्या सुमारास इंजिनियर-सप्ताह साजरा होऊं लागला; कारण राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वीं वॉशिंग्टन हे जमिनीचे मोजणीदार होते. भारतांत १५ सप्टेंबरला, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत शिकलेल्या सर विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिवशीं, असाच अभियंतादिन पाळला जातो. १९८३ पासून शाळकरी मुलांसाठीं गणिताच्या स्पर्धा सुरू झाल्या. शाखांतील प्रौढ इंजिनियर शनिवारीं शाळेंत जाऊन त्यांची व्यवस्था पाहूं लागले.

सनद मिळविण्याची रीतहि हळूहळू कडक झाली. बेलामीच्या तीन शिफारसपत्रांवर आतां भागत नाहीं. मान्य महाविद्यालयाची पदवी, मूलतत्त्वांची परीक्षा, साधारणतः चार वर्षें अनुभवी इंजिनियराच्या हाताखालीं काम, आणि मग व्यवसायाची परीक्षा, एवढ्या पायऱ्या चढल्यावर शिक्का मिळतो. नकाशावर शिक्का उमटला कीं त्यांतील प्रत्येक आंकड्याची जबाबदारी त्या माणसाची झाली. एका संस्थानाची सनद दुसऱ्यांत आपोआप चालत नाहीं. तेथें पुन्हां अर्ज करावा लागतो. पुण्यामुंबईहून तिकडे गेलेल्या कित्येक मराठी तरुणांनीं या पायऱ्या चढल्या आहेत.

मात्र या संघांचा इतिहास केवळ लोकहिताचा आहे असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. सनदेच्या भिंतीआड धंद्याचा स्वार्थ सहज दडूं शकतो. राष्ट्रीय संघाच्या आचारसंहितेंत असा एक नियम होता कीं, इंजिनियरानें दरांची चढाओढ करून काम मिळवूं नये. आधीं गिऱ्हाइकानें लायकी पाहून इंजिनियर निवडावा, मग मोबदल्याची बोलणी व्हावीत. संघाचें म्हणणें असें कीं, दरांत चढाओढ लागली म्हणजे काम घाईनें व अपुऱ्या काळजीनें होईल आणि लोकांच्या जिवास धोका पोंचेल. सरकारनें १९७२ सालीं संघावर मक्तेदारीविरोधी कायद्यान्वयें खटला भरला. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें संघाच्या विरुद्ध निकाल दिला. स्वस्त काम धोक्याचें असूं शकेल. पण म्हणून गिऱ्हाइकास दरच कळूं न देणें कायद्यास मान्य नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. संघास तो नियम सोडावा लागला. सुरक्षिततेचें नांव घेऊन आपल्या मोबदल्याचें रक्षण करतां येणार नाहीं, हा धडा त्यांस न्यायासनाकडून मिळाला.

त्यानंतर तीनच वर्षांनीं शिक्क्याचा खरा अर्थ काय याची कसोटी लागली. १७ जुलै १९८१ रोजीं मिसूरी संस्थानांतील कॅन्सस सिटी शहरांत हायट रीजन्सी हॉटेलच्या दालनांत नृत्याचा कार्यक्रम चालला होता. दालनावर दुसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या उंचीवर दोन झुलते पूल एकाखालीं एक टांगले होते. मूळ आंखणींत छतापासून निघालेली एकच अखंड सळई दोन्ही पुलांस धरून ठेवणार होती. बांधकामाच्या सोयीसाठीं ती बदलून दोन वेगळ्या सळया करण्यांत आल्या. खालचा पूल छताऐवजीं वरच्या पुलालाच टांगला गेला. एका दोरीला दोन माणसें निरनिराळ्या जागीं धरून लोंबकळलीं तर प्रत्येकाच्या हातावर आपापलेंच ओझें येतें. पण दुसरा पहिल्याच्या पायांस धरून लोंबकळला तर पहिल्याच्या हातावर दुप्पट ओझें येतें. त्या वरच्या पुलाच्या तुळईचें नेमकें तसें झालें. बदललेल्या नकाशांवर इंजिनियराचा शिक्का होता; जोडाचा हिशेब मात्र पुन्हां केलेला नव्हता. ११४ माणसें ठार झालीं, दोनशेंहून अधिक जखमी झालीं.

फौजदारी खटला कोणावर झाला नाहीं. परंतु मिसूरीच्या परीक्षक मंडळानें दोघां जबाबदार इंजिनियरांच्या सनदा रद्द केल्या. हिशेब दुसऱ्यानें केला असावा अशी आपली समजूत होती, ही सबब टिकली नाहीं. ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी, हें तत्त्व १९८८ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंहि उचलून धरलें. त्यांपैकीं एका इंजिनियरानें नंतर कित्येक वर्षें इतर इंजिनियरांपुढें उभें राहून हीच घटना समजावून सांगण्याचें व्रत घेतलें. सनद गेल्यावर त्याला हें करण्याची कोणी सक्ति केली नव्हती.

या व्यवस्थेला अजूनहि एक मोठें खिंडार आहे. कारखान्यांत व मोठ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या इंजिनियरांस पुष्कळ संस्थानांनीं सनदेच्या सक्तींतून सूट दिली. कंपनी आपल्या नोकरांची जबाबदारी घेते असें त्यामागचें गृहीत. त्यामुळें अमेरिकेंतील बहुसंख्य इंजिनियर सनदेवांचूनच काम करतात. १३ सप्टेंबर २०१८ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत लॉरेन्स व शेजारच्या दोन गांवांत जमिनीखालचे जुने नळ बदलण्याचें काम चालू होतें. गॅसचा दाब मोजणारी नळी बाद केलेल्या जुन्या नळासच जोडलेली राहिली. त्यांतील दाब उतरतांच यंत्रानें नव्या नळांत अधिकाधिक गॅस सोडला. घराघरांतून स्फोट व आगी सुरू झाल्या. एक तरुण मेला, वीसांहून अधिक लोक जखमी झाले. कामाचा आराखडा सनदधारक इंजिनियरानें तपासून त्यावर शिक्का केलेला नव्हता, कारण कायद्यानें तशी गरज नव्हती. राष्ट्रीय चौकशी मंडळानें हें बोट दाखवून सांगितलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं संस्थानानें गॅसच्या कामांपुरती ती सूट काढून घेतली.

न्यू लंडनच्या शाळेपासून लॉरेन्सच्या घरांपर्यंत ८१ वर्षें झालीं. दोन्हीकडे गॅसच होता, दोन्हीकडे नळाच्या जोडणीचाच प्रश्न होता, आणि दोन्हीकडे जो प्रश्न कामापूर्वीं विचारावयाचा तो माणसें मेल्यावर विचारला गेला. यावरून सनदेचा उपयोग नाहीं असें म्हणणारे म्हणतील. परंतु सनद जेथें लागू नव्हती तेथेंच या दोन्ही घटना घडल्या, हेंहि त्यांनीं लक्षांत घ्यावें. उलट सनदेनें सर्व कांहीं साधतें असें म्हणणाऱ्यांस कॅन्सस सिटीचा शिक्का पुरेसें उत्तर आहे. सनद ज्ञानाची खात्री देते. नकाशा पुन्हां तपासण्याची सचोटी मात्र ज्याची त्यानेंच ठेवावी लागते.

म्हणून संस्थानी संघांच्या वार्तापत्रांतील तो रुक्ष मजकूर अगदींच टाकाऊ समजूं नये. अधिवेशनाची तारीख, एका विधेयकावरील हरकत, नीतिसमितीचा एखादा अभिप्राय, सनद रद्द झालेल्या एका माणसाची चार ओळींची नोंद, यांतूनच एक धंदा आपल्यावर आपणच पहारा ठेवण्याचा प्रयत्न करीत असतो. भारतांत इंजिनियरांची मोठी राष्ट्रीय संस्था १९२० सालीं निघाली. १९६१ सालीं वकिलांसाठीं आणि १९७२ सालीं वास्तुविशारदांसाठीं मध्यवर्ती कायदे झाले. इंजिनियरांच्या सनदेचा विचार करावयाचा झाल्यास अमेरिकेंतील या अनुभवांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे, टाळण्यासारखेंहि कांहीं आहे. नव्या घरांत राहावयास जातांना रंग, खिडक्या व देवघराची दिशा सर्वजण निरखून पाहतात. तुळयांचा हिशेब कोणीं केला आणि नकाशावर कोणाची सही आहे, एवढा आणखी एक प्रश्न गृहस्थानें विचारला, तर इंजिनियराची जबाबदारी कमी होणार नाहीं. ती त्याच्या ध्यानीं अधिक राहील.